महावीराचार्यांची अंकमाला आणि ७३ चा प्रश्न

राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी रचलेल्या 'गणितसारसंग्रहा'त गुणाकाराची काही उदाहरणे अशी आहेत की, त्यांची उत्तरे माळेप्रमाणे दोन्ही टोकांकडून सारखीच वाचता येतात. ग्रंथकाराने त्यांस कंठाभरण, राजकंठिका अशी अलंकारवाचक नावे योजिली आहेत. रंगाचार्यांची आवृत्ती १९१२ साली मद्रास येथे निघाली, तेव्हापासून ही उदाहरणे सुलभ झाली. त्यांस केवळ चमत्कृती मानणे जितके अपुरे, तितकेच त्यांत विभाज्यतेचा सिद्धांत वाचणे अतिरेकाचे होय.

१२३४५६७९ ला ९ ने गुणिले असता नऊ एकांची माळ येते. उदाहरण आकर्षक खरे; परंतु ९ ने भाग जाण्यास अंकांची बेरीज पाहणे पुरते. १५२२०७ गुणिले ७३, फल ११११११११, हे उदाहरण मात्र निराळ्या प्रतीचे आहे. ७३ ही मूळ संख्या. आठ एकांस तिने निःशेष भाग का जावा? भागाकारात एकेक १ खाली उतरवीत गेल्यास बाक्या येतात त्या अशा: १, ११, ३८, १६, १५, ५, ५१ आणि आठव्या पायरीस शून्य.

हा योगायोग नव्हे. कोणत्याही मूळ संख्येने भागताना बाक्या मोजक्याच संभवतात. म्हणून भिन्न लांबीच्या दोन माळांची बाकी केव्हातरी सारखी येणारच. थोरलीतून धाकटी वजा केली की उरते एक माळ व तिच्यापुढे काही शून्ये. ही शून्ये म्हणजे दहाचा घात. त्यास २ व ५ यांखेरीज कोणतीही मूळ संख्या भागीत नाही. तेव्हा इतर प्रत्येक मूळ संख्येने त्या माळेसच भागले पाहिजे. युक्तिवाद इतका सोपा; तरी ग्रंथात 'का' हा प्रश्न नाही. गुण्य व गुणक देऊन फल विचारले आहे, एवढेच. सर्वांत आखूड माळेची लांबी, ३ चा अपवाद वगळता, अशा मूळ संख्येतून एक उणा केल्यावर येणाऱ्या संख्येस भागते (येथे ८ ने ७२ ला), हा नियम फेर्माने १६४० साली मांडलेल्या प्रमेयातून निघतो. त्याचे श्रेय महावीराचार्यांच्या पदरी बांधता येत नाही.

परिभाषेविषयीही सावधगिरी हवी. अशा संख्यांस 'रिप्युनिट' हे इंग्रजी नाव आल्बर्ट बेलर याने विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दिले. त्यास 'राजकंठिका' हा प्रतिशब्द सुचणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा ठरेल. ग्रंथातील माळा केवळ एकांच्या नाहीत, १२३४५६५४३२१ हीही त्यांतच येते. 'एकावली', म्हणजे एकपदरी हार, हा शब्द अधिक नेमका. त्यात 'एक' मुळातच गुंफलेला आहे.