पायवाटेचे गद्य : मराठी भ्रमणलेखनातील सागर, सह्याद्री आणि सातपुडा

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि खारपाणपट्टा आहे; उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. या रांगांतील अंबाबरवा अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौ. कि. मी. असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मैदान, पायथा, रान आणि डोंगरमाथा अशी सलग भूरूपे एका दिवसाच्या चालीत येथे भेटतात. असे असूनही मराठी वाचकाच्या मनातील भटकंतीच्या नकाशावर हा मुलूख जवळजवळ नाही. ‘भटकंती’ म्हणताच त्याला राजमाची, हरिश्चंद्रगड किंवा कोकणचा किनारा आठवतो. हे केवळ भूगोलामुळे घडलेले नाही; ते वाङ्मयीन परंपरेनेही घडविले आहे. या परंपरेने कोणत्या वाटा नोंदविल्या, कोणत्या वगळल्या आणि वाटेवरच्या माणसाला कोणते स्थान दिले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. चालण्यातून जन्मलेले गद्य :

मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो, त्या ‘लीळाचरित्रा’चा गाभाच भ्रमणाचा आहे. चक्रधरस्वामींचा एकाकी संचार, साळबर्डीच्या डोंगरातील वास्तव्य, पुढे शिष्यपरिवारासह गोदातीरापर्यंतची वाटचाल यांतून म्हाइंभटाचे गद्य आकारास आले. साळबर्डी सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तर लीळांत उल्लेखिलेली मेहकर आणि लोणार ही स्थाने आजच्या बुलडाणा जिल्ह्यातील आहेत. म्हणजे मराठी गद्याने आपली पहिली पावले सह्याद्रीत नव्हे, तर वऱ्हाड आणि सातपुड्याच्या परिसरातही टाकली.

या दृष्टीने ‘स्थानपोथी’चे महत्त्व विशेष आहे. चक्रधरांचा वास जेथे झाला ती स्थाने, देवळाचे तोंड कोणत्या दिशेस आहे, नदी कोणत्या बाजूस आहे, अशा तपशिलांसह या ग्रंथात नोंदविली आहेत. श्रद्धेच्या प्रेरणेने लिहिलेली ही पोथी मराठीतील पहिली काटेकोर स्थळनोंदही ठरते. ‘लीळाचरित्र’ आणि ‘स्थानपोथी’ या दोन्हींचे साक्षेपी संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते बुलडाणा जिल्ह्यातीलच होत. तरीही आधुनिक भ्रमणलेखनाने या वारशाशी आपले नाते क्वचितच जोडले आहे.

२. किनारा ते घाटमाथा :

किनाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ प्रथम विचारात घ्यावा लागतो. कोकणातील वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाचा वृत्तान्त चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. घाट, रान, नद्या आणि युद्धात सापडलेली शहरे त्यात येतात. पण निसर्गवर्णन हा लेखकाचा उद्देश नाही. दक्षिणेची आशा आणि जिवाची भीती या दोन गोष्टी त्याच्या चालण्याला अर्थ देतात. येथे वाट ही गरज आहे, छंद नव्हे.

छंद आणि श्रद्धा यांचा संगम घडतो तो गो. नी. दांडेकर यांच्या लेखनात. ‘शितू’ व ‘पडघवली’मधील कोकण, ‘दुर्गभ्रमणगाथे’तील गड आणि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मधील नर्मदाकाठ पाहता किनारा, डोंगर व रान या तिन्ही भूरूपांवरून पायी हिंडलेला दुसरा असा मराठी कादंबरीकार सांगणे कठीण आहे. ‘माचीवरला बुधा’मध्ये तर वाटसरू दुय्यम ठरतो आणि राजमाचीवर राहणारा म्हातारा, त्याची झाडे, त्याचे पाखरांशी असलेले नाते हेच कथेचे केंद्र बनते. वाटेवरच्या माणसाला वाटसरूपेक्षा मोठे करणे हे गोनीदांचे खरे यश होय.

मात्र येथेच एक विसंगती जाणवते. गोनीदांचा जन्म १९१६ चा, तोही सातपुड्याच्या पायथ्याच्या परतवाड्याचा. १९८१ च्या अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. तरी त्यांच्या दुर्गप्रेमाचे दैवत सह्याद्रीच राहिले. सातपुडा त्यांच्या लेखनात येतो तो प्रामुख्याने नर्मदेच्या काठावरून, परिक्रमावासीयाच्या दृष्टीने. याची कारणे व्यक्तिगत आवडीपुरती मर्यादित नाहीत. सह्याद्रीच्या गडांना शिवचरित्राचे अधिष्ठान आहे. नरनाळा व गाविलगड यांना गोंड राजवट, इमादशाही आणि मोगल काळाचा इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी घेतलेला गाविलगड या तर पराभवाच्या स्मृती होत. पराभवाच्या जागी यात्रा भरत नाही. शिवाय मुंबई-पुण्याच्या वाचकवर्गाला शनिवार-रविवारी गाठता येईल तोच डोंगर पुस्तकात आला. पुढील काळातील मार्गदर्शिकांनी हीच चौकट पक्की केली. त्यांची उपयुक्तता मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांत वाटेचे अंतर, चढ आणि पाण्याचे टाके उरले. गावकरी मात्र वाटाड्या किंवा भाकरी देणारा एवढाच उरला.

३. रानवाट आणि तिचे मालक :

सातपुड्याच्या रानाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली ती मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी. वनखात्यातील दीर्घ सेवा व मेळघाटाचा प्रत्यक्ष सहवास ‘रानवाटा’सारख्या लेखनामागे उभा आहे. गडावरची वाट माथ्याकडे जाते. रानवाट पाणवठ्याकडे जाते. ती माणसाने एकट्याने पाडलेली नसते. तिच्यावर सांबराचा व रानगव्याचाही हक्क असतो. हा दृष्टिबदल चितमपल्लींनी मराठीत रुजविला. ‘सारंगागार’, ‘काकागार’ यांसारखे शब्द देऊन त्यांनी भाषाही समृद्ध केली.

तथापि या लेखनप्रकाराची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. रानाकडे येणारा हा लेखक अधिकारी किंवा पाहुणा असतो. तेथे राहणारा कोरकू माणूस बहुधा माहितगार म्हणून येतो, निवेदक म्हणून नव्हे. सातपुड्याच्या या भागात मुंडा कुळातील कोरकू भाषा बोलली जाते, तर संग्रामपूरशेजारच्या जळगाव जामोद परिसरात निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चित नाते न जुळलेली भाषा जिवंत आहे. ओढे, खिंडी आणि पाणवठे यांची नावे या भाषांत आहेत. ती मराठीत येताना अनेकदा केवळ ‘नाला’ किंवा ‘टेकडी’ एवढीच उरतात.

४. बंद होत असलेली वाट :

आज हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. वाघाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड यांसह अनेक गावांचे पुनर्वसनही झाले आहे. परंतु गाव उठते तेव्हा त्याच्या वाटाही उठतात आणि नावे उच्चारणारे तोंड दूर जाते. पर्यटक आता रान पाहतो ते जिप्सीतून, ठरलेल्या रस्त्यावरून. पायाने न चाललेल्या रानाचे वर्णन लिहिता येईल. त्याचे ‘लीळाचरित्र’ लिहिता येणार नाही.

निष्कर्ष :

१) मराठी गद्याचे मूळ भ्रमणात असून त्यात सातपुडा व वऱ्हाड यांचा वाटा आरंभापासून आहे.
२) आधुनिक भ्रमणलेखनाची सह्याद्रीकेंद्री दृष्टी इतिहासाभिमान व वाचकवर्गाची सोय यांतून घडली आहे.
३) या लेखनाची कसोटी वाट किती अवघड होती ही नसून वाटेवरचा माणूस त्यात किती बोलतो ही असावी. या कसोटीवर ‘माचीवरला बुधा’ आजही अग्रस्थानी राहतो.
४) पुनर्वसित गावांतील वृद्धांच्या स्मरणात असलेल्या वाटा, पाणवठे व स्थळनामे त्यांच्याच भाषेत नोंदविणे तातडीचे आहे. पायथ्याच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या कोरकू व निहाल विद्यार्थ्यांइतके या कामास योग्य दुसरे कोणी नाही. सातशे वर्षांपूर्वी ‘स्थानपोथी’ने जे काम श्रद्धेपोटी केले, ते सातपुड्यासाठी आता अभ्यासापोटी व्हावयास हवे, कारण ज्यांना विचारायचे, ती पिढी झपाट्याने ओसरत आहे.