गोळीऐवजी बांगडा?

परवा महापे एमआयडीसीत डबा खाताना एक मित्र म्हणाला, "बायपोलरला गोळ्या कशाला? मासे खा, संशोधन आहे." संशोधन आहे, खरंय. पण ते वाचायचं कसं, हे तुम्हाला पीएचडीआधीच जमायला हवं.

१९९९ मध्ये अँड्र्यू स्टोल आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्णांवर चार महिने प्रयोग केला. काहींना रोज ९.६ ग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. ओमेगा-३ घेणारे जास्त काळ बरे राहिले. निष्कर्ष छान आहे, पण आता 'पद्धती' वाचा. रुग्ण फक्त ३०. बहुतेकांची नेहमीची औषधं चालूच होती. म्हणजे तेल औषधाच्या जोडीला होतं, औषधाऐवजी नाही. शिवाय माशाच्या तेलाची ढेकर आली की आपला गट कोणता ते कळणारच. मग 'डबल ब्लाइंड' कितपत उरलं? आणि एवढं ओमेगा-३ रोजच्या बांगड्यातून मिळणं अवघडच.

२००६ मध्ये केक यांच्या चमूने रोज ६ ग्रॅम ईपीए, म्हणजे माशाच्या तेलातलाच एक घटक, चार महिने देऊन पाहिला. प्लासिबोपेक्षा फरक दिसला नाही.

आहाराचा संबंध नाहीच असं नाही. लिथियम घेणाऱ्याने मीठ एकदम तोडलं किंवा निर्जळी उपवास केला, तर रक्तातलं लिथियम धोकादायक वाढू शकतं. म्हणून आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

निबंध हातात आला की आधी विचारा: तुलना कशाशी केली? 'जोडीला' आणि 'ऐवजी' यांची गल्लत झाली, तर कुणीतरी गोळ्या बंद करतं.