कमी डोस म्हणजे नक्की कुठे कमी?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एका दमात सांगून टाकलं होतं: "अँटिबायोटिकच्या कमी मात्रेत ई. कोलाय पेशींना कमी चिकटतो, म्हणजे वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्यांना कमी डोस फायद्याचा." सरांनी एवढंच विचारलं, "कमी कुठे? गोळीत, रक्तात की लघवीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. ई. कोलायच्या अंगावर फिम्ब्रिया नावाचे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकाचं फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज साखर पकडतं. ही पकड नसेल तर जिवाणू लघवीबरोबर वाहून जाण्याची शक्यता वाढते. आयझेनस्टाइन, ओफेक आणि बीची यांनी १९७९ मध्ये दाखवलं की स्ट्रेप्टोमायसिनच्या मारक नसलेल्या मात्रेने ही पकड ढिली होते. पण २०१५ मध्ये 'एमबायो'त आलेला निबंध उलट सांगतो: काही अँटिबायोटिक्सच्या कमी मात्रेने चिकटणं वाढतं.

मग खोटं कोण? माझ्या मते कोणीच नाही. औषध वेगळं, जिवाणूचा स्ट्रेन वेगळा, वाढवण्याची पद्धत वेगळी. चूक होते ती यातून सरसकट निष्कर्ष काढताना.

असे पेपर वाचताना मला दोन जागा खटकतात. पहिली मोजणीची. अँपिसिलिनच्या कमी मात्रेत ई. कोलायचं विभाजन अडतं आणि तो लांब दोऱ्यासारखा वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा दोरा 'एक जिवाणू' म्हणून मोजला, तर पकड तेवढीच असूनही आकडा घटलेला दिसू शकतो. म्हणून मोजणी कशी केली, हे मेथड्समध्ये शोधायचंच.

दुसरी मात्रेची. 'एमआयसीच्या पाव पट' हे प्रमाण ब्रॉथमधलं असतं आणि ते प्रयोगाच्या सुरुवातीला ठरवलेलं असतं. माणसात ते तासातासाला बदलतं. नायट्रोफ्युरँटोइनच बघा. प्रतिबंधासाठी रात्री ५० ते १०० मिग्रॅ देतात. डोस छोटा, रक्तात औषध जेमतेम, पण लघवीत ते साठतं. म्हणजे कमी डोसच्या गोळीमुळे मूत्राशयातली मात्राही एमआयसीखालीच राहील असं गृहीत धरता येत नाही.

त्यामुळे ब्रॉथमधल्या निकालावरून थेट रुग्णाच्या डोसबद्दल बोलणारा पेपर दिसला, की मी आता डिस्कशन बाजूला ठेवते आणि लघवीतली मात्रा कुणी मोजलीय का ते आधी बघते. तुमच्या प्रपोजलमध्ये 'लो डोस' लिहिलं असेल, तर तो कुठे आणि किती वेळ कमी, हे आजच लिहून ठेवा. मुलाखतीत हाच प्रश्न येऊ शकतो.