अचेबे यांची न्यायबुद्धी

नायजेरियातील इग्बो समाजात जन्मलेल्या चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही इंग्रजी कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. गोऱ्या सत्तेने एक निष्पाप समाज उद्ध्वस्त केला, एवढेच तिचे तात्पर्य सांगणे आम्हांस अपुरे वाटते.

उमुओफियाचे जीवन अचेबे आत्मीयतेने रंगवितात. राजाविना चालणारी ग्रामसभा, पाहुण्यापुढे कोलाचे फळ फोडण्याचा विधी, म्हणींनी नटलेले संभाषण, हे सारे तेथे आहे. परंतु जुळी अर्भके रानात टाकली जातात, हेही ते लपवीत नाहीत. खुनाच्या भरपाईत दुसऱ्या गावाहून आलेला इकेमेफुना ओकोन्क्वोला बाप मानतो. त्याच्या वधात हात घालू नकोस, असे वृद्ध एझेउदू बजावतो. तरीही आपण दुर्बळ ठरू या भयाने ओकोन्क्वो शस्त्र चालवितो. त्या दिवशी त्याचा पुत्र न्वोये मनाने दुरावतो. पुढे मिशनऱ्यांचे स्तोत्र त्याला ओढून घेते, ते याच जखमेमुळे.

म्हणून परकी सत्ता निर्दोष ठरत नाही. ओकोन्क्वोच्या आत्महत्येनंतर गोरा कमिशनर आपल्या नियोजित ग्रंथात त्याला एक परिच्छेद देऊ करतो. त्या तुच्छतेला अचेबे यांनी संपूर्ण कादंबरीने उत्तर दिले आहे. स्वजनांचे दोष न झाकल्यामुळेच ते उत्तर विश्वसनीय झाले. ही कादंबरी शिकविताना अध्यापकांनी दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.