चलन, खरेदीखत आणि वारसा : फ्रान्समधील ब्रिटिश वास्तव्यलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

परक्या देशात हिंडून आलेल्या माणसाचे लेखन आणि परक्या देशात घर करून राहिलेल्या माणसाचे लेखन ही दोन्ही बहुधा 'प्रवासवर्णन' या एकाच सदरात टाकली जातात. ही सोय अध्यापनाला मानवणारी असली तरी समीक्षेला मारक आहे. प्रवासी परत जातो. वास्तव्य करणारा मात्र त्या देशात घर घेतो, कर भरतो, आजारी पडतो आणि कित्येकदा तेथेच मरतो. म्हणून वास्तव्यलेखनाची पारख त्यातील निसर्गचित्रांवरून किंवा विनोदावरून न करता, या चार गोष्टींना ते कसे सामोरे जाते यावरून व्हावयास हवी. फ्रान्समधील ब्रिटिश रहिवाशांच्या लेखनाला ही कसोटी लावली असता रूढ मूल्यमापन बरेचसे उलटे होते. तिरसट म्हणून हिणवला गेलेला टोबायस स्मॉलेट वर चढतो आणि असंख्य वाचकांचे लाडके पीटर मेल उणे पडतात.

स्मॉलेट : हिशेब ठेवणारा रुग्ण

स्मॉलेटचे 'ट्रॅव्हल्स थ्रू फ्रान्स अँड इटली' हे ४१ पत्रांचे पुस्तक १७६६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकुलती एक मुलगी गमावलेला आणि छातीच्या विकाराने खंगलेला हा लेखक १७६३ च्या उन्हाळ्यात बुलोन्य येथे उतरला. तेथे जकात कचेरीने त्याची पुस्तके अडवून तपासणीसाठी आमियँला पाठविली. त्याच पत्रात 'द्रुआ दोबेन' या कायद्यावर त्याने आसूड ओढला आहे. परकीय माणूस फ्रान्समध्ये मेला तर, वारस समोर उभा असला तरी, त्याची मालमत्ता राजाकडे जमा करणारा हा कायदा होता. पुढे माँपेलिए येथे फीझ नामक प्रसिद्ध वैद्याला त्याने आपल्या आजाराची हकीकत लॅटिनमध्ये लिहून शुल्कासह पाठविली. उत्तर फ्रेंचमध्ये आले आणि ते वाचून, स्वतः वैद्य असलेला स्मॉलेट, समोरच्याने आपले लिहिणे नीट वाचलेच नाही अशा निष्कर्षाला आला. नीस येथे (हे शहर तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होते, फ्रान्समध्ये ते १८६० मध्ये आले) त्याने घरभाडे, मांस, मासळी, भाजीपाला यांचे दर नोंदविले आणि हवामानाची दैनंदिन नोंदवही ठेवली.

लॉरेन्स स्टर्नने १७६८ च्या 'अ सेंटिमेंटल जर्नी'मध्ये त्याला 'स्मेल्फंगस' हे नाव देऊन हास्यास्पद केले. ते नाव पुढच्या समीक्षेने इतक्या सहजपणे स्वीकारले की स्मॉलेटचा राग हा स्वभावदोष मानला जाऊ लागला. वस्तुतः त्याच्या रागाला प्रायः प्रत्येक ठिकाणी एक रक्कम चिकटलेली आहे. कोणी किती घेतले, कशाबद्दल घेतले आणि त्या मोबदल्यात काय मिळाले, हे तो सांगतो. त्याचे पूर्वग्रह अर्थातच समर्थनीय नाहीत. फ्रेंच माणसांविषयीची त्याची सरसकट विधाने आज वाचवत नाहीत. परंतु ज्याला परक्या भूमीवर आजारपण काढायचे आहे आणि कदाचित मरायचे आहे, त्याची गद्यशैली अशीच असणार. स्टर्नच्या भावुक प्रवाशाला ती परवडते, कारण तो पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो.

मेल : वाट पाहण्याची ऐपत

जाहिरात व्यवसायातून बाहेर पडलेल्या पीटर मेल यांचे 'अ इयर इन प्रोव्हान्स' १९८९ मध्ये आले. ल्यूबेराँ भागातील मेनेर्ब गावाजवळचे जुने दगडी शेतघर, जानेवारी ते डिसेंबर अशी बारा प्रकरणे, वेळ न पाळणारे गवंडी, मेनिकूची हा बोलका नळकारागीर, आणि पानोपानी जेवणे. १९९३ मध्ये बीबीसीने त्यावर मालिका काढली. पुस्तकाने इतके वाचक त्या परिसरात आणले की मेल यांनाच काही काळ अमेरिकेत जाऊन राहावे लागले.

या पुस्तकाचे यश बारा महिन्यांच्या चौकटीत आहे आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. एका वर्षात कराचे दुसरे बिल येत नाही, चलन घसरत नाही, गुडघे दुखू लागत नाहीत. घराच्या डागडुजीसाठी लागणारा पैसा कोठून येतो, हा प्रश्न निवेदनाला कोठेही अडवीत नाही. कारागिरांच्या दिरंगाईवर पुस्तकातील निम्मा विनोद उभा आहे. पण ती दिरंगाई विनोदी ठरते ती मालकाची थांबण्याची ऐपत आहे म्हणून. शेवटी डिसेंबरात सर्व कारागिरांना सपत्नीक मेजवानीला बोलावून, बायकांसमोर अर्धवट काम दिसू नये या लाजेने काम पुरे करवून घेण्याची युक्ती येते. ती गमतीदार आहे खरी, परंतु पगाराची वाट पाहणाऱ्या घरमालकाला ती सुचली नसती.

पुस्तकातला सर्वांत मोलाचा मजकूर मात्र वाचक बहुधा ओलांडून जातात. मेल यांच्या जमिनीतील द्राक्षवेली शेजारचा शेतकरी फोस्तँ 'मेतायाज' पद्धतीने कसतो : नव्या वेलींचा खर्च मालकाचा, मेहनत शेतकऱ्याची, पिकाचे दोन हिस्से त्याचे आणि एक मालकाचा. महाराष्ट्रात ज्याला वाट्याने किंवा बटाईने जमीन देणे म्हणतात, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. येथे क्षणभर स्वर्गभूमीचा पडदा बाजूला होतो आणि एक ब्रिटिश गृहस्थ जमीनमालक म्हणून उभा दिसतो. हा धागा मेल पुढे नेत नाहीत.

जॉर्ज ऑर्वेलच्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' (१९३३) मध्ये हेच ब्रिटिश वास्तव्य दिवसाला सहा फ्रँकवर चालते. शेवटच्या नाण्यांतून आणलेल्या दुधात ढेकूण पडला की ते फेकून उपाशी राहावे लागते. एका ढेकणाची अशी अर्थशास्त्रीय किंमत पुढच्या काळातील प्रोव्हान्सप्रेमी लेखनात सापडणे कठीण.

पुस्तकाबाहेरचे फ्रान्स

मेल यांच्यानंतर १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा खुला झाला, बेर्जराक व लिमोझ येथे स्वस्त विमाने उतरू लागली आणि दोर्दोन्य परगण्याला थट्टेने 'दोर्दोन्यशायर' म्हटले जाऊ लागले. फ्रान्समधील ब्रिटिश रहिवाशांची संख्या सुमारे दीड लाख मानली जाते. यांतील निवृत्तांचे उत्पन्न पौंडात आणि खर्च युरोत. २००० मध्ये एका पौंडाला १.६ हून अधिक युरो मिळत. २००८ च्या डिसेंबरअखेर दोन्ही चलने जवळपास समान झाली. म्हणजे दरमहा १,००० पौंडांचे निवृत्तिवेतन १,६०० युरोंवरून जेमतेम हजारच्या थोडे वर आले. मेल यांच्या पुस्तकातले ऊन तेवढेच राहिले, दुपारचे जेवण मात्र कमी झाले. २०१६ च्या सार्वमतानंतर पौंड पुन्हा घसरला.

त्याहून खोल बदल कागदपत्रांत झाला. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला. तोपर्यंत फ्रान्सच्या ग्रामपरिषदांत सातशेहून अधिक ब्रिटिश सदस्य होते; मार्च २०२० च्या निवडणुकीत त्यांना उभे राहता आले नाही आणि मतही देता आले नाही. आधीपासून राहणाऱ्यांना माघार कराराखालील निवासपत्रासाठी सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत अर्ज करावा लागला. ज्यांचे तेथे केवळ सुटीचे घर आहे, त्यांना व्हिसाविना १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. मुख्य निवासावरील वास्तव्यकर २०२३ पासून पूर्ण रद्द झाला. दुय्यम घरांवर तो कायम आहे. ब्रिटनचे शासकीय निवृत्तिवेतन मिळणाऱ्याच्या औषधोपचाराचा भार 'एस-१' या प्रमाणपत्राद्वारे ब्रिटन उचलते. पन्नाशीतच निवृत्त होऊन येणाऱ्याला ही सोय नाही, आणि लोकप्रिय पुस्तकांचा नायक नेमका याच वयाचा असतो. पुन्हा, फ्रेंच व्यवस्था डॉक्टरच्या तपासणीचा साधारण ७० टक्केच खर्च भरून देते. उरलेल्यासाठी पूरक विमा घ्यावा लागतो.

घरखरेदीतील 'नोतेर' म्हणजे कचेरीबाहेर शिक्का मारून देणारा नोटरी नव्हे. मालकीहक्काची छाननी, खरेदीखत आणि शासनाचा करभरणा हे सर्व त्याच्या हातून होते. जुन्या घराच्या किमतीवर त्यापायी ७ ते ८ टक्के वाढतात व त्यातला मोठा वाटा कराचा असतो. विनोदी लेखनात हा नोतेर अगम्य भाषेत दस्तऐवज वाचणारा गृहस्थ म्हणून येतो. त्या दस्तऐवजात मृत्यूचे कलम दडलेले असते, हे क्वचितच सांगितले जाते. फ्रेंच कायद्यानुसार एक अपत्य असल्यास मालमत्तेचा अर्धा, दोन असल्यास दोन-तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असल्यास तीन-चतुर्थांश भाग अपत्यांसाठी राखीव असतो. इच्छापत्राने हवे ते करता येते या इंग्लंडमधील समजुतीवर वाढलेल्या माणसाला हा धक्का असतो. दुसरा विवाह केलेल्यांची अडचण तर आणखी मोठी, कारण सावत्र मुलाला काही ठेवले तर त्याला परका समजून ६० टक्के कर आकारला जातो.

ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय वारसा नियमाने स्वतःच्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडण्याची मुभा दिली आणि ती ब्रिटिशांनाही लागू झाली. तथापि नोव्हेंबर २०२१ पासून अंमलात आलेल्या फ्रेंच कायद्याने, परकीय कायद्यात अपत्यांना राखीव हिस्सा नसेल तर, फ्रान्समधील मालमत्तेतून भरपाई मागण्याचा हक्क ठरावीक परिस्थितीत अपत्यांना दिला. स्मॉलेटला छळणारा दोबेनचा कायदा १८१९ मध्ये संपुष्टात आला होता. आपण मेल्यावर या घराचे काय होणार, हा त्याने दुसऱ्याच पत्रात विचारलेला प्रश्न मात्र प्रत्येक खरेदीखताबरोबर नोतेरच्या टेबलावर येतो. प्रोव्हान्सच्या बारा महिन्यांत तो एकदाही येत नाही.