नाट्यप्रेक्षकांची साक्ष

मराठी रंगभूमीचे इतिहास चाळले असतां असें दिसतें कीं, त्यांत नाटककार, मंडळ्या, नट, गायक, पडदे रंगविणारे चितारी व आश्रयदाते संस्थानिक या सर्वांस आपापली जागा मिळाली आहे. ज्याच्यासाठीं हा सारा व्याप मांडला गेला तो प्रेक्षक मात्र एखाद्या वाक्यापुरताच येतो. 'प्रेक्षक तल्लीन झाले', 'नाट्यगृह दुमदुमून गेलें' हें तें वाक्य. तें कोणी लिहिलें, केव्हां लिहिलें, लिहिणारा त्या रात्रीं कोठें बसला होता, किंबहुना बसला होता कीं नव्हता, याचा निर्देश बहुधा नसतो. एखाद्या सनदेची तारीख व शिक्का यांवरून आपण पानेंच्या पानें वाद घालतों. तीच कसोटी अशा वाक्यांस लावली तर त्यांपैकीं फारच थोडीं टिकतील. म्हणून प्रेक्षकांच्या अनुभवाची साक्ष इतिहासानें कोणत्या अटींवर स्वीकारावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या बाबतींत आमच्यापेक्षां भरताचार्य अधिक दक्ष होते. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय रसचर्चेच्या गर्दींत फारसा कोणी उघडीत नाहीं. वस्तुतः प्रेक्षागृहांत काय घडतें याची इतकी व्यवहारी नोंद अन्यत्र क्वचित् सांपडेल. प्रयोगाची सिद्धि दोन प्रकारची, मानुषी व दैवी. मानुषी सिद्धींत वाणीनें प्रकट होणारीं चिन्हें म्हणजे स्मित, अर्धें हास्य, मोठें हास्य, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे उद्गार आणि एकसारखा वाढत जाणारा नाद. शरीरानें प्रकट होणारीं म्हणजे रोमांच, आसनावरून उठणें, वस्त्रें देणें इत्यादि. प्रेक्षक मनांत सुखावला असें भरत म्हणत नाहीं. डोळ्यांस दिसतें व कानांस ऐकूं येतें तेवढेंच तो मोजतो. दैवी सिद्धि याहून वरची. तेथें प्रेक्षागृह भरलेलें असतें. पण आवाज नाहीं, चलबिचल नाहीं, उत्पात नाहीं. टाळ्यांवरून यश मोजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. तमाशांतील दौलतजादा व संगीत नाटकांतील वन्समोअर हे दोन्ही भरताच्या हिशेबीं मानुषी सिद्धीचे प्रकार होत. त्यांच्या वरची जागा त्यानें निःशब्दतेस दिली आहे.

त्याच अध्यायांत प्रयोगाचे घातहि सांगितले आहेत. वारा, अग्नि, पाऊस, हत्ती, साप हे दैवी; प्रतिस्पर्ध्यांकडून होणारे ते निराळे, त्यांत ओरडा करणें, शेण व ढेकळें फेंकणें, इतकेंच नव्हे तर मुंग्या सोडणें हाहि प्रकार आहे. ज्या शास्त्रकारास मुंग्या ठाऊक आहेत तो प्रेक्षागृहांत बसलेला आहे याविषयीं मला शंका वाटत नाहीं. पुढें मतभेद झाल्यास निर्णय देण्यासाठीं तो दहा प्राश्निक नेमतो. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक व राजसेवक हे ते दहा. प्रत्येकानें आपल्याच विषयापुरतें बोलावयाचें. साक्षीदाराचा अधिकार कोठपर्यंत, हा प्रश्न त्यानें अशा रीतीनें सोडविला. आम्ही तो अद्याप विचारलेलाहि नाहीं.

आतां ही कसोटी मराठी रंगभूमीस लावून पाहूं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें व १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. कीचकांत कर्झन, युधिष्ठिरांत मवाळ व भीमांत जहाल पाहिले गेले, हें सर्वश्रुत आहे. या प्रयोगाच्या प्रेक्षकांचें सर्वांत तपशीलवार वर्णन मिळतें तें आमच्या एखाद्या रसिकाच्या आठवणींत नव्हे, तर व्हॅलेंटाइन चिरोल याच्या 'इंडियन अनरेस्ट' या १९१० च्या इंग्रजी पुस्तकांत. टिळकांनीं ज्यावरून लंडनमध्यें बेअब्रूची फिर्याद केली व १९१९ सालीं जी हरली, तेंच हें पुस्तक. कीचकाचा अत्याचार पाहतांना ताणलेले, रागावलेले पुरुषांचे चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकतांना ब्राह्मण स्त्रियांचे चकाकणारे डोळे, युधिष्ठिराच्या सौम्यपणाविषयीं तिरस्कार, आणि कीचक मारला जातांच उठलेला समाधानाचा खोल गुंजारव अशा आशयाचें तें वर्णन आहे.

शत्रूची साक्ष म्हणून ती टाकून द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. बखरकारापेक्षां परकी वकिलाचें पत्र आपण कित्येकदां अधिक विश्वसनीय मानतों, तें एवढ्याचसाठीं कीं, स्तुति करण्याचें त्यास कारण नसतें. येथें उलट बाजूहि आहे: लिहिणाऱ्यास नाटक राजद्रोही ठरवावयाचें होतें, व राजद्रोह सिद्ध करण्यास संतप्त चेहरे सोयीचे. तिरस्कार ही तर मनांतील वस्तु. ती त्यानें पाहिली म्हणण्यापेक्षां ताडली म्हणणें बरें. पण तो गुंजारव रचलेला वाटत नाहीं. प्रचारकाला टाळ्या व आरोळ्या लिहिणें सोपें होतें. विराटपर्वाची कथा ज्यांस पाळण्यांत असल्यापासून ठाऊक अशा लोकांनीं, शेवट माहीत असूनहि, तो आल्यावर दबलेला नाद करावा, हें भरताच्या वाढत्या नादाशीं तंतोतंत जुळतें. या एका तपशिलासाठीं मीं ती साक्ष राखून ठेवीन.

दुसरें उदाहरण अगदीं उलट जातीचें आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालीवाला नाट्यगृहांत टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. या रात्रीच्या आठवणींस तोटा नाहीं. मात्र त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला केशवराव वारले, आणि त्यानंतर सांगितलेल्या प्रत्येक आठवणीवर त्या मृत्यूची छाया आहे. पुढें दोन्ही गायकांच्या चाहत्यांनीं दोन पक्ष केले व जो तो आपल्या नटास त्या रात्रीचा जय देऊं लागला. नाट्यगृहांत मावले असते त्याहून अधिक लोकांनीं तो प्रयोग 'पाहिला' असावा, अशी शंका या आठवणी वाचतांना येते. त्या खोट्या आहेत असें मी म्हणत नाहीं; त्या १९२१ च्या रात्रीपेक्षां पुढल्या चाळीस वर्षांच्या संगीतप्रेमाची साक्ष अधिक देतात. त्या रात्रीची साक्ष पाहिजे असेल तर त्या रात्रीचाच कागद पाहिजे: हस्तपत्रक, तिकीट, जमाखर्च, दुसऱ्या दिवशीं लिहिलेलें घरगुती पत्र.

अशा कागदांत एका वस्तूकडे संग्राहकांचें लक्ष मुद्दाम वेधावेंसें वाटतें. नाट्यगृहाच्या दाराशीं नाटकांतील पदांचीं लहान पुस्तकें विकत असत. प्रेक्षक तीं हातीं घेऊन बसे, व एखादा हौशी पदाशेजारीं पेन्सिलीनें खूण करी, वन्समोअर किती मिळाले तें लिही, नट बदलला असल्यास नांव खोडी. ही खरी समकालीन साक्ष होय. प्रेक्षकानें आपल्या जागेवर बसून, मंद उजेडांत लिहिलेली. आणि आमचे संग्राहक काय करतात? कोरी प्रत शोधतात. खुणांची मिळाली तर रबरानें पुसून बांधणावळीस देतात. पोथीच्या समासांतील टीप जपणाऱ्या हातांनीं ही टीप पुसावी, याचें आश्चर्य वाटतें.

वास्तूचाहि भरंवसा नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत बांधविलेलें पॅलेस थिएटर, जें पुढें केशवराव भोसल्यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगींत सांपडलें. भरताच्या यादींतील अग्नि हा घात असा प्रत्यक्ष आला. प्रेक्षक कोठून काय पाहूं शके हें त्या जुन्या सभागृहांत बसून ठरवितां येत असे, तें आतां छायाचित्रें व आराखडे यांवरून ठरवावें लागेल.

येथपर्यंतचीं उदाहरणें मुंबई-पुण्याकडचीं आहेत, व हीच या विषयांतील मोठी उणीव आहे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' झालें तें संस्थानिकाच्या आश्रयानें; १८५३ सालीं मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत त्यांच्या मंडळीनें खेळ केले ते तिकिटावर. आमचे इतिहासकार या दुसऱ्या, पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकासच 'मराठी प्रेक्षक' म्हणतात. मग परभणी जिल्ह्यांतील पेडगावच्या माणसाचें काय? (हें पेडगाव भीमाकांठच्या बहादूरगडाचें नव्हे. वेड पांघरून ज्या पेडगावास जातात तें अहिल्यानगर जिल्ह्यांतील. जरी नाटक पाहणाऱ्या कोणाहि माणसाचें वर्णन त्या म्हणीनें बरें होतें.) १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. येथील खेड्यांतला प्रेक्षक देवळापुढें बसून भारूड ऐके, गोंधळ पाही, उत्सवाच्या शेवटीं ललित पाही. त्यास तिकीट नव्हतें, म्हणून त्याचा कागद नाहीं, म्हणून तो इतिहासांत नाहीं.

ललिताचा प्रेक्षक भरताच्या व्याख्येंत बसत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. भालदार-चोपदार, वासुदेव, गोंधळी अशीं सोंगें येऊन जातात, शेवटीं देवाजवळ मागणें मागितलें जातें व प्रसाद वांटला जातो. मागणारा तो नट, आणि ज्याच्यासाठीं मागितलें तो प्रेक्षक. प्रसाद दोघांसहि मिळतो. येथें सिद्धि कोणत्या चिन्हानें मोजावी? मला वाटतें, रात्र किती लांबली यानें. आणि ती मोजण्याचें साधन अगदींच नाहीं असें नाहीं. देवस्थानांच्या उत्सवखर्चाच्या मोडी कीर्दींत मशालींचें तेल, बिदागी, नारळ, गूळ यांच्या नोंदी शोधाव्या. एकाच उत्सवांत कोणत्या रात्रीं तेल दुप्पट जळालें हें कळलें, तर लोक कोणत्या रात्रीं उठले नाहींत हेंहि कळेल. इनामाच्या वादासाठीं अशा कीर्दी अनेकांनीं वाचल्या आहेत; तेलाचा रकाना मात्र वाचलेला ऐकिवांत नाहीं.

आज परभणी हें राज्य नाट्यस्पर्धेचें एक केंद्र आहे, व आसपासचीं माणसें तेथें जाऊन नाटक पाहतात. त्यांचीहि साक्ष गोळा करणें अवघड होत चाललें आहे, कारण अनेक ठिकाणीं तिकीट भ्रमणध्वनीवर येतें व तेथेंच पुसलें जातें. ज्यांस कागदी पत्रिका अजून मिळते त्यांनीं तिच्या पाठीवर त्याच रात्रीं चार गोष्टी लिहाव्या: तारीख, बसण्याची ओळ, कोठें हंशा झाला, कोठें कोणी बोललें नाहीं. आवडलें कीं नाहीं तें लिहिलें नाहीं तरी चालेल.