शिष्येच्या पत्रांत उरलेले गुरू : एमी फे आणि तिचे चार शिक्षक

संगीतकाराचं चरित्र वाचताना आपल्याला एक अडचण नेहमी जाणवते. मैफलींच्या तारखा मिळतात, रचनांची यादी मिळते, मानसन्मान तर मिळतातच. पण हा माणूस शिकवायचा कसा? दार लोटलेल्या खोलीत, एका विद्यार्थ्यासमोर, तो नेमकं काय करायचा? याची नोंद क्वचितच सापडते. शिष्य गुरूबद्दल लिहितात, नाही असं नाही. पण लिहितात ते साठी उलटल्यावर. तोवर गुरूच्या रागाची ‘शिस्त’ झालेली असते आणि आपल्या रडण्याचे ‘संस्कार’ झालेले असतात.

म्हणून आज आपण आठवणी बाजूला ठेवू आणि पत्रं वाचू. १८६९ साली एमी फे ही पंचविशीतली अमेरिकन मुलगी पियानो शिकायला बर्लिनला गेली आणि १८७५ मध्ये परतली. या सहा वर्षांत तिने घरी जी पत्रं लिहिली, त्यांतली काही थोरली बहीण मेलुसिना हिने ‘अटलांटिक मंथली’त छापून आणली आणि १८८० मध्ये त्यांचं पुस्तक केलं. पुस्तकाचे भाग शिक्षकांच्या नावांनी पडतात : टाउसिग, कुलाक, लिस्ट आणि डेपे.

पहिला टाउसिग. लिस्टचा लाडका शिष्य, बोटांत वीज. त्याची शिकवण्याची रीत म्हणजे विद्यार्थ्याला उठवायचं, स्वतः वाजवून दाखवायचं आणि ‘असं वाजवा’ म्हणून मोकळं व्हायचं. पण ‘असं’ म्हणजे कसं, ते कोण सांगणार? पुढे त्याने शाळाच बंद केली आणि १८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तो गेला.

मग प्रोफेसर थिओडोर कुलाक. त्यांनी १८५५ मध्ये बर्लिनला काढलेली संगीत अकादमी जर्मनीतल्या मोठ्या खाजगी संगीतशाळांत गणली जायची. त्यांच्याकडे एमीने बरीच वर्षं काढली. आधीच्या पत्रांत त्यांच्याविषयीचा आदर दिसतो, नंतरच्या पत्रांत निराशा. प्रोफेसर दुसऱ्या पियानोवर बसून सुंदर वाजवतात, आणि ते ऐकून हिचा उरलासुरला धीरही सुटतो.

१८७३ चा उन्हाळा वायमारला, लिस्टकडे. तिथे फी नाही, वर्ग सगळ्यांसमोर. लिस्ट बोटांची तालीम देत नाही. ती घरून करून यायची. तो शिकवतो ते संगीत. ही पत्रं सगळ्यात जास्त वाचली गेली, आणि तसं होणं स्वाभाविकच आहे.

आमचं म्हणणं मात्र असं की पुस्तकाचा जीव शेवटच्या भागात आहे. बर्लिनला परतल्यावर एमी लुडविग डेपे यांच्याकडे गेली. ते तेव्हा वाद्यवृंदाचे संचालक म्हणून ओळखले जात. लिस्टसमोर वाजवून आलेल्या या मुलीला त्यांनी थेट पाच बोटांच्या अभ्यासावर आणून बसवलं. बैठक खाली. कोपर जड, मनगट हलकं. बोट पट्टीवर आपटायचं नाही, आपल्या वजनाने पडू द्यायचं. सगळं सावकाश, आणि प्रत्येक स्वर कानाने तपासत. विचार करा, घरच्यांपासून हजारो मैल दूर चार वर्षं घालवल्यावर तुम्हाला कुणी सांगावं की आता पहिल्यापासून! परत जाताना हातात काय घेऊन जायचं, हा प्रश्न त्या पत्रांमागे सतत आहे. तिने ते ऐकलं. आणि ऐकलं म्हणूनच तपशिलात लिहून ठेवलं.

इथेच या पत्रांचं मोल कळतं. कुलाक यांनी अष्टकांच्या वादनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. एमीची पत्रं नसती तरी त्यांची पद्धत आपल्याला कळली असती. डेपे यांचं तसं नाही. १८८५ मधला एक लेख, पियानोवादकांच्या हाताच्या दुखण्याबद्दलचा, एवढंच म्हणण्यासारखं लेखन त्यांच्या हातून झालं. १८९० मध्ये ते वारले. एलिझाबेथ कालांड या शिष्येने त्यांच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं ते १८९७ साली. पुढे पियानोशिक्षणात हाताच्या वजनाचा जो विचार रुजला, त्याच्या सुरुवातीला डेपे यांचं नाव घेतलं जातं. ते नाव टिकलं ते शिष्यांनी लिहिलं म्हणून.

पण या पत्रांवर पूर्ण भिस्त ठेवावी का? आम्हाला तसं वाटत नाही. एक तर निवड बहिणीची आहे. दुसरं म्हणजे पुस्तक डेपेंवर संपतं, त्यामुळे आधीचे तिघे म्हणजे जणू वाटेतले मुक्काम ठरतात. हा कुलाक यांच्यावर अन्याय आहे. मोश्कोव्स्की त्यांच्याच हाताखाली शिकला, शारवेंका बंधूही तिथलेच. जी पद्धत एकाला उभं करते तीच दुसऱ्याला खचवू शकते. त्यावरून प्रोफेसर वाईट ठरत नाही. शिवाय डेपेंकडे ती इतक्या लवकर सावरली, त्यात कुलाक यांच्याकडच्या वर्षांचा वाटा किती, हा हिशेब तिने मांडलेलाच नाही.

तरीही पत्रं खरी वाटतात, याचं कारण साधं आहे. लिहिणारीला पुढचं माहीत नाही. आदराचं पत्र आणि निराशेचं पत्र एकाच पुस्तकात राहिलं, नंतर शहाणपण आल्यावर पहिलं खोडलं गेलं नाही. आठवणी लिहिणारा शेवटाकडून सुरुवातीकडे पाहतो. पत्र लिहिणारा त्या संध्याकाळपुरतंच पाहतो.

एमी फे पुढे शिकागोत राहिली, शिकवू लागली. मैफलीत वाजवण्याआधी ती श्रोत्यांशी त्या रचनेबद्दल बोलायची आणि अशा कार्यक्रमांना ‘पियानो संवाद’ म्हणायची. ज्या मुलीला ‘असं वाजवा’ एवढंच ऐकायला मिळालं होतं, तिने आयुष्यभर ‘असं म्हणजे कसं’ हे समजावून सांगितलं. आपल्यापैकी जे कुणाकडे शिकत असतील त्यांना एवढंच सांगणं : आज घरी गेल्यावर आजची तालीम लिहून ठेवा. राग आला असेल तर रागासकट.